खेळाडू निवृत्त होतो तेव्हा

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे ऐंशी किलोमीटर गेले, की कुशालनगरच्या अलीकडे बैलकुप्पे लागते. कोडगूच्या सहलीस निघालेली महाराष्ट्रातील कुटुंबे येथे हमखास थांबतात. नामद्रोलिंग मठातील सोनेरी मुलाम्याच्या तीन भव्य मूर्ती पाहावयाच्या, तांबूस वस्त्रांतील बालभिक्षूंकडे कौतुकाने बघावयाचे आणि पुढे निघावयाचे, असा त्यांचा क्रम असतो. पण या वसाहतीत मठांखेरीज शाळा आहेत, मक्याची शेते आहेत, आणि मैदानावर खांबाला लावलेल्या लोखंडी कड्यात चेंडू टाकण्यासाठी धडपडणारी मुलेही आहेत. तिबेटी वसाहतींत फुटबॉल आणि बास्केटबॉल हे दोन्ही खेळ मोठ्या आवडीने खेळले जातात. दलाई लामांच्या मातोश्री १९८१ साली निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ निरनिराळ्या वसाहतींचे संघ फुटबॉलच्या सुवर्णचषकासाठी झुंजतात. बास्केटबॉलला तर थोडी मोकळी जागा आणि एक खांबही पुरतो.

अशा वसाहतीतील एका तरुणाची कल्पना करावी. वय सव्वीस. तारीख १४ एप्रिल २०१६. डॉ. आंबेडकरांच्या जयंतीची सार्वजनिक सुट्टी. सकाळचे आठ वाजले आहेत. पण सातासमुद्रांपलीकडे लॉस एंजलिस शहरात अद्याप आदल्या दिवसाची संध्याकाळ आहे, आणि तेथील लेकर्स संघाचा कोबी ब्रायंट हा खेळाडू आपल्या आयुष्यातील शेवटचा सामना खेळावयास उतरला आहे. वीस वर्षे एकाच संघातून खेळलेला, पाच अजिंक्यपदे मिळवलेला आणि आता दुखापतींनी जर्जर झालेला हा सदतीस वर्षांचा माणूस सुरुवातीचे काही नेम चुकवतो. मग हात बसतो. शेवटच्या चौथ्या भागात तो एकटा २३ गुण करतो. सामन्यात त्याचे एकूण ६० गुण होतात आणि त्या वर्षी ८२ पैकी अवघे १७ सामने जिंकणारा दुबळा लेकर्स संघ हा सामना १०१ विरुद्ध ९६ असा जिंकतो. पडद्यावर जल्लोष चालला आहे आणि बैलकुप्प्यातील त्या तरुणाच्या डोळ्यांना पाणी आले आहे. चहाचा पेला घेऊन आलेली त्याची आमा ते पाहते आणि साधाच प्रश्न विचारते: "हा तुझा कोण लागतो?"

हा तरुण कल्पनेतला आहे. सामना मात्र खरा आहे आणि आमाचा प्रश्नही खरा आहे. तो प्रश्न महाराष्ट्रातील असंख्य घरांतून विचारला गेला आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर आपल्या दोनशेव्या कसोटी सामन्यानंतर खेळपट्टीला वाकून नमस्कार करीत होता, तेव्हा कित्येक मध्यमवयीन गृहस्थ दूरदर्शन-संचासमोर डोळे पुसत होते. ज्याच्याशी आपण कधी एक शब्द बोललो नाही, ज्याला आपले नावही ठाऊक नाही, त्याने आपले काम थांबवले म्हणून आपला कंठ दाटून यावा, यात काही तथ्य आहे, की हा निव्वळ भाबडेपणा आहे? हसण्यावारी नेण्याआधी या भावनेची थोडी उकल करून पाहणे योग्य होईल.

पहिली गोष्ट ओळखीची. चाहता आणि खेळाडू यांची ओळख एकतर्फी असते हे उघड आहे. परंतु एकतर्फी असली म्हणून ती ओळखच नव्हे, असे म्हणता येत नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ साली या नात्याचा विचार मांडला. नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट ही माध्यमे माणसाला समोरासमोर भेटल्याचा भास निर्माण करतात. ठरलेल्या वेळी ऐकू येणारा आवाज आणि वारंवार दिसणारा चेहरा हळूहळू घरातला होऊन जातो, असे त्यांचे निरीक्षण होते. हे समजावयास परदेशी विद्वानांची साक्ष काढण्याचेही फारसे कारण नाही. नभोवाणीवरील धावते वर्णन कानाशी धरून ज्यांनी क्रिकेटचे सामने ऐकले, त्यांनी खेळाडूंना पाहिले नव्हते. तरी कोणाची फलंदाजी कशी आहे, संकटात कोण डगमगतो आणि कोण उभा राहतो, हे त्यांना शेजाऱ्याच्या स्वभावाइतके ठाऊक असे.

ओळख मुरते ती पुनरावृत्तीने. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा नियमित हंगाम प्रत्येक संघासाठी ८२ सामन्यांचा असतो. ब्रायंट अशा नियमित हंगामांतून एकूण १,३४६ सामने खेळला. दूरच्या आप्तांची आपली भेट वर्षाकाठी लग्नामुंजीत एकदोनदा होते. त्या हिशेबाने पाहिले, तर चाहत्याने आपल्या खेळाडूला सख्ख्या मामापेक्षा अधिक वेळा पाहिलेले असते, आणि तेही आनंदाच्या, अपमानाच्या व वेदनेच्या क्षणी.

या बाबतीत बास्केटबॉलचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. हा खेळ अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षकाने शोधून काढला. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही, म्हणून बंद दालनात खेळता येईल असा खेळ त्याला हवा होता. त्याने सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या बांधल्या आणि तेरा नियम लिहून काढले. या खेळाचे मैदान सुमारे २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. प्रत्येक बाजूस पाच खेळाडू. कडे जमिनीपासून तीन मीटरांहून किंचित उंच. क्रिकेटमध्ये शिरस्त्राण असते, सीमारेषा दूर असते, फलंदाज बाद झाला की तंबूत दिसेनासा होतो. बास्केटबॉलच्या खेळाडूचा चेहरा, दंड, घाम आणि दमलेला श्वास हे सारे उघडे असते. पाचांत एक म्हटल्यावर एकट्या माणसाच्या कर्तबगारीने सामना फिरू शकतो. म्हणून या खेळात संघाइतकीच, कधी संघाहूनही अधिक, व्यक्तीवर माया जडते.

दुसरी गोष्ट 'आपण' या सर्वनामाची. संघ जिंकला की चाहता म्हणतो, "आपण जिंकलो". हरला की म्हणतो, "ते हरले". रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७६ साली हीच गोष्ट प्रयोगाने दाखवून दिली. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला, तर सोमवारी विद्यापीठाचे नाव मिरवणारे कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते. आणि विजयाचे वर्णन करताना 'आम्ही' हा शब्द पराभवाच्या वर्णनापेक्षा अधिक वेळा तोंडी येतो, असे त्यांना आढळले. दुसऱ्याच्या पराक्रमात आपला वाटा समजणे ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. गावातला पहिलवान फड मारतो तेव्हा अख्खे गाव छाती पुढे काढून चालते, त्यामागेही हेच आहे.

बैलकुप्प्यातील तरुणाच्या बाबतीत मात्र या सर्वनामाला एक निराळी धार आहे. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी आले. त्यांच्या पुनर्वसनासाठी तत्कालीन म्हैसूर राज्याने सुमारे तीन हजार एकर जमीन देऊ केली आणि १९६०-६१ च्या सुमारास येथे पहिली वसाहत उभी राहू लागली. थंड पठारावरच्या माणसांनी दक्षिणेच्या उकाड्यात जंगल तोडले, रानटी हत्तींच्या धास्तीत रात्री काढल्या, मक्याची शेती केली. १९६९ साली दुसरी वसाहत शेजारी वसली. त्या पिढीची मुले आणि नातवंडे येथेच जन्मली. शेतीवर भागेना, म्हणून त्यांच्यापैकी अनेक जण दर हिवाळ्यात लोकरी कपडे विकावयास देशभर हिंडू लागले. पुण्यामुंबईच्या, नागपूर-नाशिकच्या रस्त्यांवर थंडीत दिसणारे तिबेटी स्वेटरवाले मराठी माणसाच्या चांगले परिचयाचे आहेत. ते अशाच निरनिराळ्या वसाहतींतून येतात. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ अशी एक वसाहत आहे.

या मुलांच्या 'आपण'चे काय? ऑलिंपिकच्या संचलनात त्यांचा ध्वज नसतो. जागतिक फुटबॉल संघटनेच्या यादीत त्यांचा संघ नाही. ३० जून २००१ रोजी कोपनहेगन येथे निर्वासित तिबेटी तरुणांचा संघ ग्रीनलंडच्या संघाशी एक सामना खेळला आणि ४-१ असा हरला. त्या एका पराभवाचीही आठवण अभिमानाने काढली जाते, कारण खेळावयास मिळाले हाच तेथे विजय होता. भारताच्या संघावर या मुलांचे प्रेम असते, कारण जन्मभूमी हीच आहे. तरीही, ज्याचा वारसा जन्माने आपोआप मिळतो असा संघ त्यांच्या वाट्याला आलेला नाही. मुंबईच्या मुलाला मुंबईचा संघ न मागता मिळतो. बैलकुप्प्याच्या मुलाला आपला खेळाडू शोधावा लागतो. त्याने तो निवडलेला असतो. वाट्याला आलेल्या नात्यापेक्षा निवडलेले नाते काही कमी बळकट नसते; कित्येकदा ते अधिक हट्टी असते. म्हणून तो खेळाडू निवृत्त होतो तेव्हा त्या मुलाच्या 'आपण'मधला एक मोठा तुकडा गळून पडतो.

तिसरी गोष्ट काळाची. ब्रायंट १९९६ साली शाळेतून थेट व्यावसायिक संघात आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. आपल्या कल्पनेतल्या तरुणाने दहाव्या वर्षी त्याला प्रथम पाहिले असे धरू. लेकर्सच्या २००० सालच्या अजिंक्यपदाच्या वेळी तो शाळेत होता. जानेवारी २००६ मध्ये ब्रायंटने एका सामन्यात ८१ गुण केले, तेव्हा तो दहावीच्या उंबरठ्यावर होता. २०१० साली पाचवे अजिंक्यपद मिळाले, तेव्हा तो बंगळुरूस नोकरीच्या शोधात होता. एप्रिल २०१३ मध्ये ब्रायंटच्या टाचेची शीर तुटली. तशाही स्थितीत त्याने दोन मुक्तफेका अचूक घेतल्या आणि मगच तो मैदानाबाहेर गेला. त्या वर्षी या तरुणाने आपली पहिली हार पचवली असेल, कदाचित नोकरीतली, कदाचित मनातली. खेळाडूच्या कारकिर्दीच्या खुंट्यांवर त्याने स्वतःच्या आयुष्याचे प्रसंग टांगून ठेवले होते. कारकीर्द संपली की त्या खुंट्या हलतात.

तेंडुलकर १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत पहिला कसोटी सामना खेळला आणि चोवीस वर्षांनी थांबला. १९८९ मध्ये पंधरा-सोळा वर्षांची असलेली मुले २०१३ मध्ये चाळिशीला पोचली होती. त्यांच्या डोळ्यांतले पाणी त्याच्यासाठी होते तितकेच स्वतःच्या सरलेल्या तारुण्यासाठी होते. एवढा काळ निघून गेला हे आरशाने रोज सांगितले तरी माणूस ऐकत नाही. खेळाडूच्या निवृत्तीने मात्र ते ऐकावेच लागते. खेळाडू हा एका अर्थाने सार्वजनिक घड्याळ असतो, आणि घड्याळ थांबल्यावरच घरात किती वाजले आहेत याची चौकशी सुरू होते.

चौथी गोष्ट शोकाच्या मान्यतेची. कोणी निवर्तले तर लोक भेटीस येतात, सुतक असते, दिवस असतात. दुःखाला समाजाने आखून दिलेली वाट असते. पण काही दुःखे अशी, की ती उघडपणे बोलावयाची सोय नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखांचा विचार केला आणि समाजाने ज्यांना हक्क दिलेला नाही असे शोक त्यांना म्हटले. पाळलेल्या जनावराचा मृत्यू, तुटलेले प्रेम, गमावलेले काम यांचे दुःख असेच असते. आवडत्या खेळाडूच्या निवृत्तीची खंत या वर्गात अगदी धाकटी म्हणून बसेल. पण बसेल खरी. आमा जेव्हा "हा तुझा कोण लागतो?" असे विचारते, तेव्हा तिच्या स्वरात रोष नसतो. तिने देश सुटल्याचे दुःख आपल्या आईबापांच्या चेहऱ्यावर पाहिलेले असते. त्या मापाने हे दुःख मोजले, तर ते केसराएवढेही नाही, आणि हे त्या मुलालाही कळते. म्हणून तो उत्तर देत नाही. मोठ्या दुःखाच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांना आपली लहान दुःखे लपवण्याची सवय लागते, ही निर्वासितांच्या घरातली एक न बोलली जाणारी गोष्ट आहे.

आता निवृत्तीच्या प्रकारांकडे वळावे. कारण खेळाडू कसा जातो यावर चाहत्याच्या भावनेचा रंग अवलंबून असतो.

काही जण शिखरावर असताना थांबतात. सुनील गावसकर यांची शेवटची कसोटी मार्च १९८७ मध्ये बंगळुरूस झाली. चेंडू हातभर वळत होता, विजयासाठी २२१ धावा हव्या होत्या, आणि त्या खेळपट्टीवर गावसकर ९६ धावा करून बाद झाले. भारत १६ धावांनी हरला. ती खेळी पाहणाऱ्यांना आजही एकच प्रश्न सतावतो: एवढे खेळता येत असताना हा माणूस थांबला तरी का? विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितले जाणारे एक वचन या संदर्भात नेहमी आठवते. लोक 'का थांबलात' असे विचारतात तेव्हाच थांबावे, 'का थांबत नाही' असे विचारू लागेपर्यंत वाट पाहू नये, असा त्याचा आशय. मर्चंट यांनी स्वतः १९५१ साली दिल्लीस इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या आणि खांद्याच्या दुखापतीमुळे ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. अशा निरोपात चाहत्याला चुटपुट लागते, पण मनात राहिलेले चित्र अभंग असते.

काही जण शरीराने साथ सोडल्यामुळे थांबतात. चीनचा याव मिंग हा सात फूट सहा इंच उंचीचा खेळाडू २००२ साली अमेरिकेच्या ह्यूस्टन संघात गेला. पायाच्या दुखापतींनी त्याला गाठले आणि जुलै २०११ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने शांघाय येथे निवृत्ती जाहीर केली. येथे चाहत्याची हळहळ, जे घडले त्यापेक्षा जे घडू शकले असते त्याच्यासाठी असते.

आणि काही जण जातात व परत येतात. शिकागोचा मायकेल जॉर्डन ऑक्टोबर १९९३ मध्ये, पित्याच्या हत्येनंतर काही महिन्यांतच, निवृत्त झाला. मार्च १९९५ मध्ये तो परतला, तेव्हा त्याच्या सदऱ्यावर जुन्या २३ ऐवजी ४५ हा आकडा होता. पुढे तीन अजिंक्यपदे जिंकून १९९९ च्या जानेवारीत तो पुन्हा थांबला. २००१ साली वॉशिंग्टनच्या संघातून पुन्हा आला आणि एप्रिल २००३ मध्ये कायमचा गेला. एकदा निरोप देऊन मोकळ्या झालेल्या मनाला अशा पुनरागमनाने आनंद होतो आणि थोडे अवघडल्यासारखेही होते. वॉशिंग्टनमधला चाळिशीचा जॉर्डन पाहताना लोक पडद्यावर दिसणाऱ्या माणसापेक्षा आठवणीतला माणूसच अधिक पाहत होते. मराठी रसिकाला हा अनुभव नवा नाही. बालगंधर्व उतारवयातही स्त्रीभूमिका करीत, तेव्हा त्यांचे निष्ठावंत प्रेक्षक डोळे अर्धवट मिटून जुन्या भामिनीला पाहत असत. प्रेम दृष्टीला अशी सवलत देते.

निवृत्त खेळाडूचा आकडाही निवृत्त करण्याची एक प्रथा बास्केटबॉलमध्ये आहे. त्याचा सदरा दालनाच्या छताला टांगतात आणि तो आकडा त्या संघात पुन्हा कोणाला देत नाहीत. ब्रायंट कारकिर्दीच्या पूर्वार्धात ८ आणि उत्तरार्धात २४ हा आकडा वापरीत असे. लेकर्सने डिसेंबर २०१७ मध्ये दोन्ही आकडे निवृत्त केले. मियामीच्या संघाने तर जॉर्डन आपल्याकडून कधीही खेळलेला नसताना २००३ साली त्याचा २३ हा आकडा छताला लावला. ही गोष्ट पोरकट वाटेल. पण ऑगस्ट २०१७ मध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर कोलंबोस दहा क्रमांकाचा सदरा घालून भारतातर्फे उतरला, तेव्हा तेंडुलकरचे चाहते केवढे खवळले होते, हे आठवावे. त्या तरुण गोलंदाजाचा दोष काहीच नव्हता. पुढे त्याने निराळा आकडा घेतला. आकडा हा चाहत्याच्या लेखी आकडा राहिलेला नसतो. ती एक जागा असते, आणि गेलेल्या माणसाची घरातली खुर्ची काही काळ रिकामी ठेवावी, तशी ती रिकामी ठेवावीशी वाटते.

एका गोष्टीचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकतर्फी ओळखीत आंधळेपणाचा धोका असतो. ब्रायंटवर २००३ साली एका तरुणीने लैंगिक अत्याचाराचा आरोप केला होता. फिर्यादी साक्षीस उभी राहण्यास तयार नसल्यामुळे २००४ मध्ये फौजदारी खटला मागे घेण्यात आला, ब्रायंटने जाहीर क्षमायाचना केली, आणि पुढे दिवाणी दावा तडजोडीने मिटला. चाहत्याला हे ठाऊक असते, पण त्याला ते आठवावयाचे नसते. ज्या माणसाचा चेंडूवरचा हात आपण ओळखतो, त्याचे सारे अंतःकरण आपण ओळखत नाही. खेळाच्या सौंदर्यावर प्रेम करावे. माणसाला देव्हाऱ्यात बसवण्याची घाई करू नये, इतका विवेक प्रौढ चाहत्याने ठेवावयास हवा. निवृत्तीनंतर आठवणींना जो गोडवा चढतो, त्यात हा विवेक सुटण्याचा संभव अधिक असतो.

निवृत्ती आणि मृत्यू यांतले अंतरही चाहत्यांना याच खेळाडूच्या बाबतीत कळून आले. २६ जानेवारी २०२० रोजी हेलिकॉप्टरच्या अपघातात ब्रायंट आणि त्याची तेरा वर्षांची मुलगी जियाना यांच्यासह नऊ जण मृत्युमुखी पडले. २०१६ च्या त्या सकाळी ज्यांनी डोळे पुसले होते, त्यांना कळले, की तेव्हाचे दुःख हे निरोपाचे होते. निरोप दिलेला माणूस कोठेतरी असतो, त्याची मुले वाढत असतात, तो कधीतरी प्रेक्षकांत बसलेला दिसतो. निवृत्तीत ही सोय आहे. खेळ संपतो, माणूस उरतो. हे भाग्यच म्हटले पाहिजे, आणि निरोपाच्या वेळी ते ध्यानात येत नाही.

मग या भावनेचे करावयाचे काय? बैलकुप्प्यात या प्रश्नाचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. तिबेटी मठांतून विशेष प्रसंगी रंगीत वाळूचे मंडल काढण्याची परंपरा आहे. भिक्षू दिवसचे दिवस ओणवे बसून धातूच्या निमुळत्या नळीतून कण कण वाळू सोडतात. रेषेत रेषा मिळवतात. श्वासानेही कण हलू नये म्हणून जपतात. चित्र पूर्ण होते, विधी होतात, आणि मग ते सारे पुसून एकत्र करतात आणि वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. सर्व संस्कार अनित्य आहेत, या बुद्धवचनाचा तो प्रत्यक्ष पाठ असतो. पाहुण्याला वाटते, पुसावयाचेच होते तर इतके जपून काढले कशाला? पण भिक्षूंच्या कामात पुसण्याच्या कल्पनेने कोठे हयगय झालेली दिसत नाही. अनित्यतेच्या शिकवणुकीचा अर्थ माया लावू नये असा पुष्कळदा केला जातो. मंडल काढणारे हात पाहिले, की तो अर्थ अपुरा वाटतो. जे जाणार आहे ते जाणार हे जाणून त्याकडे पूर्ण लक्ष द्यावे आणि वेळ आली की मूठ सैल करावी, असे ते हात सांगतात.

मठ आणि मैदान यांत विरोधच असला पाहिजे असेही नाही. भूतानचे लामा आणि दिग्दर्शक ख्येन्त्से नोर्बू यांनी १९९९ साली 'फोर्पा' नावाचा चित्रपट काढला. हिमाचलातील बीर येथील मठात चित्रित झालेल्या या कथेत बालभिक्षू १९९८ चा विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना पाहता यावा म्हणून भाड्याने दूरचित्रवाणी-संच आणण्याची खटपट करतात. वडीलधारे भिक्षू प्रथम चक्रावतात. दोन राष्ट्रे एका चेंडूसाठी भांडतात हे त्यांना उमगत नाही. पण अखेर परवानगी मिळते. विरक्तीची दीक्षा घेतलेल्या मुलांचेही मन खेळात गुंतते, याचा त्या चित्रपटाने निषेध केलेला नाही, त्याकडे सस्मित पाहिले आहे.

आमाच्या प्रश्नाचे उत्तर, तेव्हा, असे देता येईल: तो कोणी लागत नाही, त्याला पाहता पाहता मुलगा मोठा झाला, एवढेच. वीस वर्षे एक माणूस आपले काम जीव ओतून करीत होता आणि एक मुलगा हजारो मैलांवरून ते पाहत होता. त्या पाहण्यातून त्याला काय मिळाले, याचा हिशेब निवृत्तीच्या दिवशीच प्रथम मांडला जातो, म्हणून त्या दिवशी कंठ दाटतो. जे मिळाले ते परत द्यावयाचे नसते. ते पुढे द्यावयाचे असते.

सामना संपून तासभर झाल्यावर तो तरुण चोवीस क्रमांकाचा सदरा घालून शाळेच्या मैदानावर जाईल. सुट्टीमुळे तेथे लहान मुले जमलेली असतील. त्यांच्यापैकी एखाद्याला तो चेंडू कसा धरावा, कोपर कोठे ठेवावे, मनगट शेवटी कसे सोडावे, हे दाखवील. त्या मुलाला ब्रायंटचे नाव ठाऊक नसेल. त्याचा खेळाडू निराळा असेल, आणि दहापंधरा वर्षांनी तोही थांबेल. मुलाने फेकलेला चेंडू लोखंडी कड्यावर आपटून बाहेर पडेल, आणि तो तरुण त्याला म्हणेल, पुन्हा टाक.